बसलिंगप्पांचा हिरवा चहा

शुक्रवार पेठेतील धान्याचे व्यापारी बसलिंगप्पा यांना मधुमेह जडला होता आणि उजव्या पायाच्या अंगठ्यावरची जखम पावसाळा सरला तरी भरत नव्हती. गोळ्या न घेतल्यास अंगठा काढावा लागेल, असे डॉक्टरांनी त्यांच्या पत्नीला, शिवम्मांना, स्पष्ट सांगितले होते. बसलिंगप्पांनी मात्र त्या गोळ्या फडताळात टाकल्या. कारण त्यांना हिरवा चहा सापडला होता.

चहाचा डबा पुतण्या गुरुलिंग याने आणला होता. यंत्रविद्या शिकून तो नुकताच जपानहून परतला होता. बिचाऱ्याने रीतही नीट सांगितली : "काका, पाणी उकळलं की खाली उतरवायचं, जरा निवू द्यायचं, मग चिमूटभर पानं. दोन-तीन मिनिटांत गाळायचं. दूध नको, गोड नको. तरतरी येते, पोटाला हलका. पण हे औषध नव्हे हं."

ज्याला केवळ आपलाच आवाज ऐकण्याची सवय, त्याच्या कानी यातले शेवटचे वाक्य कसे पडावे? निवलेल्या पाण्यातला चहा ही तर त्यांना थट्टाच वाटली. ते मूठभर पाने टाकून पाणी निम्मे आटेपर्यंत उकळवीत आणि वर लिंबाएवढा गुळाचा खडा घालीत. साखर वर्ज्य, पण गूळ म्हणजे साखर नव्हे, हा त्यांचा सिद्धान्त! तो काळपट द्रव घेऊन ते कट्ट्यावर बसत आणि आरोग्यावर प्रवचन झोडीत. रक्त शुद्ध होते, दृष्टी निवळते, मधुमेह पळतो. ऐकणारे माना डोलावीत. फुकटचा पेला हाती असता मान डोलावण्यास विद्वत्ता लागत नाही.

"बसलिंगप्पा, पायाला मुंग्या लागल्यात की हो," शेजारचे सिद्धप्पा म्हणाले. "गूळ हुडकत आल्या काय?"

"तुमाला काय कळतंय? जपानात कुणाला मधुमेह न्हाई!"

"तितं असा गूळबी कुणी घालत नसंल की."

हशा झाला. दारातल्या शिवम्मा हसल्या नाहीत. जखमेची पट्टी त्यांनी सकाळीच धुतली होती.

"अहो, गोळी घ्या."

"ते इंग्रजी विष माझ्या तोंडात जाणार न्हाई. सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी बसलिंगप्पा गळ्यातल्या इष्टलिंगाच्या पूजेस बसले. या माणसाच्या दिनक्रमात आदर वाटावा अशी तेवढीच वेळ होती. कपाळी विभूती रेखून, डाव्या तळहातावर लिंग घेतले की ते खरोखर नम्र होत. लिंगाला अर्पण केल्यावाचून ते पाण्याचा थेंबही घेत नसत आणि अर्पण केलेला कण कधी टाकीत नसत. ताटली धुऊन ते पाणीदेखील प्राशन करीत.

शिवम्मांनी नैवेद्य पुढे ठेवला. बसलिंगप्पांनी मिटल्या डोळ्यांनीच ताटली उचलून लिंगाला दाखवली, मंत्र म्हटला आणि डोळे उघडले. भिजवलेल्या हरभऱ्यांमध्ये पांढरी गोळी होती.

"हे काय केलंस?"

"मी कुटं? तुमीच अर्पण केलंत की. आता तो प्रसाद हाय."

"फसवलंस मला!"

"मग टाका. टाकवत असंल तर."

बसलिंगप्पांनी गोळी कपाळाला लावली, गिळली आणि ताटली धुऊन ते पाणीही प्राशन केले.

"आता माझा चहा तरी आण. गूळ घालून."

"गूळ मंगळवेढ्याला गेला, भावाकडं."

दिवाळीनंतर जखम भरली. बसलिंगप्पा कट्ट्यावर पाय पसरून अंगठा दाखवू लागले : "बघा, हिरव्या चहाचा गुण!" लोकांनी पुन्हा माना डोलावल्या. आत शिवम्मा उद्याच्या नैवेद्यासाठी हरभरे भिजत घालीत होत्या.