टॉफीत काय काय आहे

खेळ व्हर्नाच्याच डोक्यातून निघाला होता. गावच्या कृषी मेळ्यात अग्निशमन पथकाचा स्टॉल दरवर्षी तिच्याकडे असे, आणि त्याच त्या सोडतीला लोक विटले होते. म्हणून यंदा तिने आपला कुत्रा टॉफी याला टेबलावर उभं केलं आणि पाटी लावली : ‘टॉफीत काय काय आहे, ओळखा.’ त्याच्यात कोणकोणत्या कुत्र्यांच्या जातींची सरमिसळ आहे, याचं खरं उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं. शाळेची बस चालवताना तिला तो रस्त्याखालच्या मोरीत सापडला होता, मुठीएवढा. ज्याच्या उत्तराला लोक जास्त हसतील त्याला केक, एवढाच नियम.

“कान केल्पीचे,” कुणी म्हणालं.

“पाठीवर उलटे केस बघ की. रिजबॅक असणार.”

“जबडा स्टॅफीचा आणि अक्कल आमच्या मेव्हण्याची,” बेकरीवाली शर्लीन म्हणाली आणि असा काही हशा उसळला, की तिनेच भाजलेला केक पुन्हा तिच्याच घरी जाणार असं दिसू लागलं.

तेवढ्यात अर्न आला. डिंगो, म्हणजे तिथला रानकुत्रा, सापळ्यात पकडण्यात म्हाताऱ्याची सगळी हयात गेली होती. टॉफीला त्याने हात लावला नाही. समोर उभं राहून त्याचे पांढरे पंजे बघितले, मग शेपटी बघितली, आणि म्हणाला, “डिंगो.”

कुणी हसलं नाही. ऐन कोकरांच्या दिवसांत मेंढ्यांच्या मुलखात हा शब्द थट्टेत खपत नाही. व्हर्नाच्या घराला लागूनच रॉस मॅकिन्लीचं कुरण होतं. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“अहो अर्न, चेष्टा करताय ना?” व्हर्नाने विचारलं.

“तू विचारलंस, मी सांगितलं. चुकतही असेन.”

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. लाइल बटाटे सोलत होता. “त्या म्हाताऱ्याला मांजरसुद्धा डिंगो दिसतं,” तो म्हणाला. “सोड गं.”

पण तिला ते सुटेना. टॉफी तीन वर्षं घरात होता, तरी आपण त्याला नीट पाहिलंच नाही असं तिला वाटू लागलं. हा भुंकत कसा नाही? गळा काढून ओरडतो, पण भुंकत नाही. पाण्याच्या टाकीवर मांजरासारखा चढून बसतो. माणूस अंगणात आला की शेपटी हलवण्याआधी क्षणभर त्याला न्याहाळतो. हे सगळं आधीही होतंच आणि तेव्हा तिला त्याचं कौतुक होतं. आता बस चालवतानाही तिचं चित्त थाऱ्यावर नसे. एकदा तर एका थांब्यावर ती पोरांना न घेताच पुढे निघाली.

पुढच्याच आठवड्यात एका सकाळी रॉसची गाडी अंगणात येऊन थांबली. तो खाली उतरला नाही. काचेतूनच म्हणाला, “चार कोकरं गेली माझी. फाडलीत. खाल्लीसुद्धा नाहीत.”

“अरे देवा.”

“तुझा कुत्रा कुठे होता?”

“बांधलेला होता,” व्हर्ना म्हणाली.

रॉसने मान डोलावली, टाकीवर बसलेल्या टॉफीकडे एकदा पाहिलं आणि गाडी वळवली.

टॉफी बांधलेला नव्हता. पहाटे तो कुठूनतरी आला होता, पोटाखाली ओला, अंगाला गवताची कुसळं चिकटलेली. व्हर्नाने त्याला टाकीवरून खाली बोलावलं, त्याचं तोंड उघडलं, दातांच्या फटी पाहिल्या, ओठ दोन्ही बाजूंनी उचलून पाहिले. काही नव्हतं. तरी तिने त्याचं तोंड साबणाने धुतलं. धुता धुता तिच्या लक्षात आलं, आपण काय करतोय. तिने फडकं बादलीत फेकलं.

त्या दिवसापासून टॉफी साखळीला. त्याने खुंटाभोवती माती उकरून खड्डा केला. जेवण तसंच राहू लागलं. व्हर्ना स्वयंपाकघरातून अंगणात आणि अंगणातून स्वयंपाकघरात येरझारा घालायची.

“अगं, एका जागी बस तरी,” लाइल म्हणाला. “कुत्र्याला बांधलंस आणि फेऱ्या तू मारतेस.”

दोन दिवसांनी शर्लीनचा फोन आला. रॉसची आणखी कोकरं मेली होती, त्याच पहाटे. व्हर्ना खिडकीकडे धावली. साखळी ताठ होती आणि टॉफी खड्ड्यात झोपलेला होता. “हा नव्हता!” ती ओरडली आणि चक्क टाळी वाजवली. पलीकडून शर्लीन म्हणाली, “व्हर्ना, कोकरं मेलीत गं.” व्हर्नाने फोन ठेवला. आपलेच हात तिला परक्यासारखे वाटले.

आणि आज नव्हता म्हणजे त्या दिवशीही नव्हता, असं थोडंच?

दुपारी ती चालतच रॉसच्या कुरणात गेली. तो मेलेली कोकरं गाडीत टाकत होता. तीही कोकरं उचलू लागली.

“त्या दिवशी तो मोकळा होता,” ती म्हणाली. “मी खोटं बोलले.”

“माहितेय.”

“माहितेय?”

“त्या पहाटे तळ्यावर होता तुझा कुत्रा. मी बंदूक उचललीसुद्धा होती.” रॉसने हात पँटला पुसले. “मेंढ्या तिथेच पाणी पीत होत्या. एकीनेसुद्धा मान वर केली नाही. मग म्हटलं, ह्यांना याची भीती नाही तर मी कशाला गोळी घालू?”

“मग मला विचारलंस का?”

“तू काय सांगतेस ते बघायचं होतं.”

तिचा चेहरा तापला. तिला वाटलं तो आणखी काही बोलेल, शिव्या घालेल. तो फक्त म्हणाला, “पाय धर तिचे. जड आहे.” कोकरांबरोबर एक मेंढीही गेली होती.

अर्नने ओढ्याकाठी सापळे लावले. रविवारी सकाळी रॉसने व्हर्नाला बोलावून घेतलं. सापळ्यात एक कुत्री सापडली होती. अर्नने तिला गोळी घालून बाभळीखाली ठेवलं होतं. तांबूस रंग, पांढरे पंजे, शेपटीचं टोक पांढरं. व्हर्ना पाहत राहिली. टॉफीची बहीण म्हटलं असतं तरी कुणी नाही म्हणालं नसतं.

“ही डिंगोच का?” तिने विचारलं.

अर्नने टोपी मागे सरकवली. “तोंड जरा आखूड आहे. पाठीवरचे केसही मला बरोबर वाटत नाहीत. मेळ्यात तुला सांगताना खात्री वाटली होती. आता हिच्याबद्दलसुद्धा छातीठोक सांगता येत नाही.”

“पण दोघं एकसारखी दिसतात.”

“दिसतात खरी,” अर्न म्हणाला आणि सापळा साफ करू लागला.

व्हर्ना रॉसकडे वळली. “उद्या टॉफीतही तेच निघालं तर?”

“तर तुझ्या कुंपणाच्या आत निघू दे,” रॉस म्हणाला. “तळ्यावर मला पुन्हा दिसला तर मेंढ्यांना विचारत बसणार नाही मी. हे आत्ताच सांगून ठेवतो.”

“कळलं.”

घरी येऊन तिने लाइलला उठवलं. दोघांनी शेडमागचे जुने लोखंडी खांब आणि तारेची जाळी काढली आणि अंगणाभोवती खड्डे खणायला सुरुवात केली. जमीन कडक होती, पहारीचे हादरे दोघांच्या खांद्यापर्यंत जात होते. कुंपणाची पहिली बाजू उभी राहिल्यावर व्हर्नाने साखळी खुंटावरून सोडून हातात धरली. टॉफी थेट जाळीकडे गेला, मागच्या पायांवर उभा राहिला आणि वरचं टोक कुठे आहे ते बघू लागला.

“अजून एक हात उंच लागेल,” लाइल म्हणाला.

“दोन लाव,” व्हर्ना म्हणाली.