मल्लिकार्जुनची जागा

चाकूरकडच्या त्या लिंगायत घरात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. शेतात खड्डा घेतात, माणसाला मांडी घालून बसवतात, विभूती टाकतात आणि मातीआड करतात. सरजाबाईचा नवरा असाच लिंबाखाली बसलेला होता. धाकटा लेक मल्लिकार्जुन सीमेवर कामी आल्याची खबर आली, तेव्हा थोरल्या संगमेश्वरनं कुणाला न विचारता बापाशेजारी खड्डा घेतला.

पण शवपेटी आली ती सीलबंद. उघडू नका, असा हुकूम. आडव्या पेटीतल्या माणसाला बसवणार कसं? इकडे शाळेच्या मैदानावर गावानं हौसेनं चिता रचून ठेवलेली, पुढारी घड्याळ बघत उभे. "अग्नी कोण देणार?" लष्कराच्या साहेबांनी विचारलं आणि गर्दीनं ढकलल्यासारखा संगमेश्वर पुढं झाला. सलामीच्या बंदुका झडल्या. राखसुद्धा मिरवत नांदेडला नेऊन गोदावरीत सोडली. आईच्या हाती चिमूटभर लागली नाही. एवढे शहाणे जमले होते, पण खड्ड्याची आठवण एकालाही झाली नाही!

सरजाबाईनं तो खड्डा बुजू दिला नाही. पावसात कड ढासळली की ती पुन्हा सारखी करी. शेवटच्या फोनवर मल्लिकार्जुन म्हणाला होता, "आई, उभं राहून पाय लई दुखायलेत. सुट्टीला आलो की नुस्ता बसणार बघ." त्यानंतर गोळीबारात दोन जखमी सोबत्यांना पोरानं ओढून आणलं. तिसऱ्यासाठी गेला तो गेलाच.

पुढं मरणोत्तर शौर्यपदक मिळालं. सरजाबाईला वाटलं, हे तरी त्याचंच आहे, हे बापाशेजारी ठेवू.

"संगू, पदक दे. जागेवर नेऊन ठेवते."

"न्हाई गं आई. स्मारकात काचेच्या पेटीत ठेवायचं ठरलंय. उद्या पाहुणे यायलेत."

"चितेच्या येळी बी तू असंच ऐकलंस लोकांचं."

संगमेश्वरनं पदक कापडात गुंडाळून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी स्मारकातल्या पुतळ्यावरचा पडदा ओढला. एसटी थांब्यासमोर, भर उन्हात, बूट घालून, बंदूक धरून मल्लिकार्जुन उभा. पुतळा हुबेहूब झाला होता, तेच वाईट झालं. सरजाबाईच्या तोंडापुढं माईक आला.

"माझ्या लेकराचे पाय दुखतेत," ती म्हणाली. "किती दिवस उभं ठेवता त्याला? बाप वाट बघत बसलाय. पदक तरी द्या, मी त्याला शेतात नेते."

एकानं टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी. "वीरमाता की जय!" पाहुण्यांनी डोळे टिपले, तिच्या खांद्यावर शाल घातली आणि जेवायला गेले. पदक काचेत राहिलं, कुलपाची किल्ली स्मारक समितीकडं.

सरजाबाई तशीच शेतात आली. संगमेश्वर मागं मागं आला.

"बुजव," ती म्हणाली.

"राहू दे की आई. मी बोलतो समितीशी."

"बुजव. कुणी येणार न्हाई आता."

त्यानं फावडं उचललं. तिच्या मुठीत विभूती होती, खड्डा घेतला त्या दिवसापासून जपलेली. रिकाम्या खड्ड्यात विभूती टाकतात का, हे तिला ठाऊक नव्हतं, आणि असं कुणाला विचारणार? संगमेश्वर रडत माती ओढत राहिला. जमीन सारखी झाली, तरी विभूती तिच्या मुठीतच होती.