शरच्चंद्र विजयकरांची दुनळी

गिरगावातले शरच्चंद्र विजयकर अंथरुणाला खिळले त्याचं कारण मोडलेलं खुब्याचं हाड नव्हतं. हाड केव्हाच जुळलं होतं, डॉक्टरांनी एक्सरे दाखवून तसं सांगितलंही होतं. पण म्हातारबुवा अठ्ठ्याऐंशीचे, आणि उठण्यासारखं त्यांना काही उरलंच नव्हतं. "उठून करू काय?" असं ते आपल्या मुलाला, यतीनला, विचारत. फिजिओथेरपीवाली अपूर्वा रोज येऊन "आजोबा, एक पाऊल, फक्त एक," असं गोड बोले आणि आजोबा भिंतीकडे तोंड फिरवून घेत. पाय असेच पडून राहिले तर कायमचे जातील, हे तिनं दारात यतीनला स्पष्ट सांगितलं. यतीन स्वतः साठी ओलांडलेला, विमा कंपनीतून निवृत्त झालेला. पण या वयातही त्याला आपले पपा हवे होते, अगदी लहान मुलाला हवे असतात तसे हवे होते. त्याला याची उगाचच लाज वाटायची.

मग एका दुपारी पपा आपण होऊन बोलले. "माझी दुनळी आण."

दुनळी होती खरी. ऐन तारुण्यात पपा ती घेऊन उरण-पनवेलच्या खाजणांत पाणलावे, म्हणजे चिखलातले ते लांब चोचीचे पक्षी, मारायला जात. शिकारीवर बंदी आली तेव्हा सरकारनं आपला वैयक्तिक अपमान केला असं त्यांचं मत झालं, ते अजून तसंच आहे. तरी दर दसऱ्याला बंदूक पाटावर बसायची आणि तिला हळदकुंकू, झेंडूचा हार व्हायचा. निवडणूक आली की ती नियमाप्रमाणे पोलिसांकडे जमा व्हायची आणि निकालानंतर माहेरवाशिणीसारखी परत यायची. मागच्या निवडणुकीला गेली ती मात्र आलीच नाही, कारण परवान्याची मुदत संपली होती आणि घरात कुणाच्या ते ध्यानातही नव्हतं.

"मग नकली आणा," यतीनची बायको उर्वी म्हणाली. "त्यांना कुठे उडवायचीय?" उर्वीचं डोकं झकास चालतं, फक्त पुढचं निस्तरणं ती नवऱ्यावर सोडते.

यतीन लालबागला गेला. गुणाजी परबांचा तिथे एका गाळ्यात कारखाना. नाटकांना तलवारी, गणपतीच्या देखाव्यांना तोफा आणि देवादिकांना शस्त्रं पुरवणं हा त्यांचा धंदा. आपल्यासारखा कारागीर सबंध गिरणगावात नाही हे ते भेटल्या भेटल्या सांगून टाकतात.

"मूर्ती केदी?" त्यांनी टेप काढत विचारलं.

"मूर्ती नाही हो, माझे वडील आहेत."

"तेच ता. उभी काय बसलेली?"

"सध्या झोपलेली," यतीन म्हणाला.

भिंतीला तीन दुनळ्या टेकून उभ्या होत्या. एक डाकूची, पितळी खिळे ठोकलेली. एक जमीनदाराची, नळ्यांवर मोर रंगवलेली. तिसरी गोऱ्या साहेबाची, साधी, काळ्या नळ्या आणि तपकिरी दस्ता. यतीननं साहेबाची उचलली. ती पिसासारखी हलकी लागली तसे गुणाजी खुलले. देवाच्या हातातलं शस्त्र हलकंच हवं, नाहीतर विसर्जनाआधी मनगट मोडतं, हे त्यांनी बजावून सांगितलं.

पपांनी बंदूक अंथरुणावरच हातात घेतली. नळीत डोकावले, दस्ता हुंगला. मग म्हणाले, "धर मला."

"कशाला?"

"पडून कोणी बंदूक खांद्याला लावतं का, गाढवा?"

आणि ते उभे राहिले! अपूर्वाचं गोड बोलणं जिथे वाया गेलं होतं तिथे ते पलंगाचा कठडा धरून, लटपटत, पण आपल्या पायांवर उभे राहिले. डोळे मिटून त्यांनी दुनळी झटक्यात खांद्याला लावली, डोळे उघडले आणि शिवी हासडली. दस्ता लांब होता. डोळे उघडल्यावर नजर सरळ नळीच्या टोकावर पडली पाहिजे, इथे ती समोरच्या कपाटावर पडत होती. शिवाय वजन नाही. असल्या काटकीनं पाणलावा पडतो का? पाणलावा उडतो नागमोडी, त्याच्या मागून बंदूक फिरत यायला हवी, ती उडी मारून पुढे जायला नको. एवढं बोलून ते धपकन बसले, आणि रात्री त्यांनी भाकरी मागून घेतली. यतीननं स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

मग सुरू झाल्या लालबागच्या खेपा. दस्ता कापला, तर तो आखूड झाला. रबराची टाच लावली. नळ्यांत शिसं भरलं, तर बंदूक नाक खाली घालू लागली म्हणून थोडं शिसं दस्त्यात भरावं लागलं. गालाला टेकायची जागा तासली, पुन्हा लांबी देऊन पुन्हा तासली. मधल्या एका खेपेला गुणाजींनी हौसेनं नळ्यांच्या टोकाला लाल दिवे बसवले, तेव्हा पपा संतापाच्या भरात कठडा सोडून दिवाणखान्यापर्यंत चालत आले. यतीनच्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. बंदुकीत खोट आहे तोवर पपा उठणार. बंदूक जमली की संपलं!

तो धावत लालबागला गेला. "गुणाजी, एक काम करा. दर वेळी काहीतरी चुकीचं ठेवा. मुद्दाम."

गुणाजींनी रंधा खाली ठेवला. "मुद्दाम खोट ठेवूची? माझ्या हातान? ता माका जमाचा नाय." यतीननं हात जोडले, वडिलांची सगळी कथा सांगितली, तेव्हा ते हळहळले, चहा पाजला. आणि पुढच्या खेपेला त्यांनी अशी बंदूक पाठवली की पपांनी ती खांद्याला लावली, डोळे उघडले आणि नजर सरळ नळीच्या टोकावर पडली. मेला चांगला कारागीर निघाला, असं यतीन मनात म्हणाला.

"झाली," पपा म्हणाले. "उद्या शिवडी."

"पपा, ही उडत नाही."

"ते माझ्यावर सोड."

सकाळी टॅक्सीनं ते शिवडीच्या धक्क्यावर पोचले. ओहोटी होती. चिखलात फ्लेमिंगो उभे होते आणि धक्क्यावर लांब लांब कॅमेरे लावून पक्षीनिरीक्षक. "गुलाबी पक्षी!" पपा तुच्छतेनं म्हणाले. "बसलेल्याला तर मी हातही लावत नाही." एवढ्यात खारफुटीतून काहीतरी तपकिरी फडफडत उडालं. पपांची पाठ ताठ झाली, काठी गळून पडली, दुनळी खांद्याला लागली आणि ते खच्चून ओरडले, "ठो! ठो!"

पळापळ झाली. दोघेतिघे आडवे पडले. रुचा नावाच्या एका मुलीनं तेवढ्यात पोलिसांना फोन लावला, आणि पपा तिलाच म्हणाले, "तुझे पाय तरुण आहेत, जरा पक्षी घेऊन ये."

चौकीत फौजदारासमोर तक्रार काही लिहून होईना. रुचा म्हणत होती तो पक्षी तुतारी होता, तिचा सोबती म्हणत होता पाणलावा, आणि दोघं एकमेकांना मोबाइलवर चोची दाखवत भांडत होते.

"पक्षी मेला का?" फौजदारानं विचारलं.

"पहिला बार हुकला," पपा अभिमानानं म्हणाले. "दुसरा बसला."

फौजदारानं दुनळी उचलली. अंगठा घासला तसा काळा रंग अंगठ्याला लागला. तो यतीनकडे वळला. "तुम्ही सांगा. खेळणं असेल तर उचला आणि यांना घरी न्या. बंदूक असेल तर मला कारवाई करावी लागेल."

पपा यतीनकडे पाहत होते. ते अजून उभेच होते, खुर्ची दिली तरी बसले नव्हते. खेळणं म्हटलं तर हा माणूस घरी जाऊन भिंतीकडे तोंड करील आणि पुन्हा वळणार नाही, हे यतीनला लख्ख दिसलं. जन्मभर त्यानं सरकारदरबारी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. 

"बंदूक आहे, साहेब," तो म्हणाला. "फार जबरदस्त बंदूक आहे."

फौजदारानं एकदा अंगठ्यावरचा रंग पाहिला, एकदा खुर्ची नाकारून लटपटत उभ्या असलेल्या पपांकडे पाहिलं. मग त्यानं रुमालाला अंगठा पुसला आणि खाकरला.

"बंदूक जमा. आणि आरोपीनं दर सोमवारी इथे येऊन हजेरी लावायची. टॅक्सी फाटकाबाहेर. आत स्वतः चालत यायचं, कुणी धरायचं नाही."

"किती सोमवार?" पपांनी दरडावून विचारलं.

"मी पुरे म्हणेपर्यंत."

सोमवारी यतीनला जाग आली ती आरडाओरड्यानं. पपा दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, काठी आपटत दारात उभे होते. "आरोपी मी, आणि उशीर तुला? तिकडे साहेब खोळंबले असतील!" यतीनला हसू आवरेना आणि रडूही. चपला अडकवून तो बाहेर आला तोवर पपा कठड्याला धरून जिना उतरायला लागले होते.