शेवटच्या वाटीतलं विरजण

मी एक जुनं विरजण आहे. पण ‘मी’ म्हणताना अडखळायला होतं. मित्रांनो, माझ्या एका चमच्यात कोट्यवधी जीव आहेत आणि प्रत्येक जीव म्हणजे एकच पेशी. तेव्हा ‘आम्ही’ म्हटलेलंच बरं.

शेळीचं बघा. तिच्या पेशींनी कामं वाटून घेतली आहेत. काहींचे स्नायू झाले, काहींची कातडी. त्यांतून पोट झालं, हृदय झालं, आणि सगळ्यांची मिळून एक शेळी झाली. आमच्यातल्या एकेका पेशीला मात्र सगळं एकटीनंच करावं लागतं. खायचं, वाढायचं आणि दुभंगून दोन व्हायचं. स्वस्थ बसणं आम्हाला मानवत नाही. ताजं दूध मिळालं नाही तर आम्ही आंबत जातो आणि शेवटी मरतो.

रोडोपी नावाच्या डोंगरात दोन जावांची घरं कुंपणाला कुंपण लागून होती. थोरल्या नेदानं आम्हाला माहेराहून आणलं आणि धाकटी झ्लात्का लग्न होऊन आली तेव्हा तिलाही चमचाभर दिलं. उन्हाळ्यात काकडी-लसूण घातलेलं आमचं गार सार लोक वाडगे पुसून खायचे.

मग एकदा झ्लात्काच्या शेळीनं नेदाची मिरचीची रोपं फस्त केली.

“मालकिणीलाच वळण नाही, तिथं शेळीला कुठून असणार?” नेदा म्हणाली.

“तुमच्या रोपांना कुंपण घालायला कुणी नको म्हटलं होतं का, जाऊबाई?”

झालं, अबोला. त्याच तणतणीत झ्लात्कानं दूध तापवलं, करंगळी बुडवून बघायची विसरली आणि होतं नव्हतं ते विरजण कढत दुधात ओतलं. तिकडचे आम्ही संपलो. इकडे नेदाची शेळी आटली, आणि गावात झ्लात्काच्या शेळीखेरीज दुसरी दुभती शेळी नव्हती. एकीकडे विरजण, दुसरीकडे दूध. उत्साहावर विरजण पडतं म्हणतात, इथे विरजणावरच अबोला पडला होता.

आम्ही वाटीच्या तळाशी उपाशी तळमळत होतो. नेदा रोज झाकण काढून वास घ्यायची. “आईचं आहे रे हे,” असं पुटपुटून पुन्हा झाकायची. आम्हाला हाकही मारता येत नव्हती.

शेवटी एका सकाळी तिनं वाटी उचलली आणि कुंपणापाशी गेली.

“झ्लात्का, दूध आहे का?”

“दूध आहे, विरजण नाही. तुमच्यावर चिडले होते. करंगळी बुडवली नाही.”

“वेडी आहेस. तापव दूध.”

झ्लात्काच्या चुलीवर दूध तापलं. नेदानं करंगळी बुडवली आणि चटकन काढली. “कढत आहे. थांबावं लागेल.”

मग दोघी पातेल्याशेजारी बसल्या. करायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून आधी रोपांवरून भांडल्या आणि मग नेदाच्या आईबद्दल बोलत राहिल्या. आम्हाला एकेक क्षण जड जात होता. दूध कोमट झालं, आम्ही त्यात उतरलो आणि लगेच एकाचे दोन होऊ लागलो.

मित्रांनो, विरजण जपायचं असेल तर चमचाभर शेजारी देऊन ठेवा. आणि राग आला असेल, तर दूध निवेपर्यंत तरी शेजारी बसा.