कडक जमीन

टेबलावर तीन जाळ्या मांडून बापलेक सकाळपासून हुज्जत घालत होते. प्लास्टिकच्या, खणाखणांच्या जाळ्या. जमिनीवर अंथरायच्या, खणांत खडी भरायची, म्हणजे घोड्याचा पाय रुतत नाही. थोरलीला जाड भिंतीची काळी हवी होती. अण्णांना हिरवी पसंत, का, तर उचलायला हलकी. जणू डोक्यावर घेऊन मिरवायचीच होती!

खरं तर चेष्टेची वेळ नव्हती. त्यांच्या म्हाताऱ्या घोडीचे पुढचे दोन्ही खूर सडत चालले होते. कुंपणाच्या आत सदा चिखल. तबेल्यात बांधावी, तर आतल्या धुळीने तिला अशी धाप लागायची की बघवत नसे. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "महिन्याच्या आत पायाखाली कोरडं द्या. नाही जमलं तर बोलवा मला. पण मग औषध द्यायला नाही येणार."

त्या दिवसापासून थोरलीने जिवाचं रान केलं. घोड्यावर बसायला ती शिकली ती ह्याच घोडीवर. ही पडायची, आणि घोडी चार पावलांवर थांबून हिची वाट बघायची. असल्या जनावराला काय सांगणार, की आमच्याकडे कोरडी जागा नाही?

शेवटी तिन्ही जाळ्या समोरच्या डांबरी रस्त्यावर ठेवून त्यांवरून खडीने भरलेली हातगाडी नेली. हिरवी कडकन मोडली, तिसरी चिरली. काळीला ओरखडासुद्धा नाही. अण्णांनी सत्तरीत तिच्यावर दोन उड्या मारून पाहिल्या.

"बरं बाई, तुझंच खरं," ते म्हणाले. काळी मागवली. ती यायलाच तीन आठवडे गेले.

मग खोदाईवाला आपलं मशीन घेऊन आला. "वरचा वीतभर चिखल काढू. कडक लागलं की खडी, त्यावर जाळी. संध्याकाळपर्यंत मोकळे."

वीतभर काढलं, कडक लागेना. हातभर काढलं. पुरुषभर खड्डा झाला, तरी काळं, घाण मारणारं, लिबलिबीत काहीतरी वर येतच राहिलं. कुंपणाच्या चारही कोपऱ्यांत तेच.

"काय पुरलंय हो इथे?" त्याने विचारलं.

अण्णांनी मूठभर उचलून बोटांनी सोडवलं. आत पेंढ्याच्या काड्या होत्या. त्यांचा चेहरा पडला.

"माझाच पेंढा आहे," ते म्हणाले.

चिखल झाला की अण्णा पेंढ्याचे भारे आणून घोड्यांच्या पायाखाली पसरायचे. एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, तीस वर्षं. जनावराला गार लागू नये म्हणून. तो पेंढा कुजला, त्यात लीद मुरली, त्यावर पुन्हा पेंढा. मायेच्या पोटी माणसाने घोडीच्या पायाखालची जमीनच नाहीशी केली होती.

"हे सगळं उपसायला उन्हाळा जाईल," खोदाईवाला म्हणाला.

आठवडा उरला होता. थोरली हट्टाला पेटली. फाटकाजवळ चिखलावरच खडी ओतली, जाळी अंथरली, खण भरले आणि घोडीला हळूच वर आणलं. क्षणभर घोडी उभी राहिली. मग एक कोपरा खचला, खणाखणांतून काळं पाणी वर आलं आणि घोडीने दुखरा पाय उचलून धरला. ती तशीच तीन पायांवर थांबली. थोरलीची वाट बघत.

थोरलीला रडू आवरेना. तिने घोडीच्या मानेला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलीच नाही. मग नाक पुसून डॉक्टरीणबाईंना फोन लावला. उद्या सकाळची वेळ ठरली.

कुणी अण्णांना बोल लावला नाही, तेच त्यांना सोसत नव्हतं.

खोदाईवाल्याने मशीन सुरू केलं. "काका, मधला खड्डा बुजवून जातो. एखादं जनावर पडायचं."

"नको," अण्णा म्हणाले. "थोडा लांबीला वाढवून दे. तिचे पाय दुमडावे लागायला नकोत."