बाबांचा सज्जा

“बाबा, खालून बाजूला व्हा.”

“का म्हणून? सज्जा मी बांधलाय. पडलाच तर माझ्याच डोक्यावर पडू दे.”

वर गडी वाळूची पोती रचत होते आणि बाबा खाली हात मागे बांधून उभे होते. त्यांच्या पिढीतल्या सुतारांची ती रीतच होती. ज्यानं बांधलं, त्यानं पहिल्या वजनाखाली उभं राहायचं.

मुलींच्या शाळेचा हा लाकडी सज्जा त्यांनी बांधला तेव्हा मी परकरात होते. आता इमारतींचा भार तपासणाऱ्या कचेरीत मी नोकरीला होते. स्नेहसंमेलनात मुली या सज्ज्यावर दाटीनं उभ्या राहून गाण्यांवर नाचायच्या, म्हणून त्याआधी शाळेला दाखला हवा होता. पाळीनं ते काम माझ्याकडे आलं.

पोती चढली. तुळई कुरकुरलीसुद्धा नाही.

“सुटलो बाई!” मुख्याध्यापिका म्हणाल्या. “करा सही.”

मी पेनाला टोपण लावलं. “पोती नाचत नाहीत. मुली नाचतात.”

बाबांचे जुने जोडीदार मिस्त्री खो खो हसले. “घ्या! शिकवा आणखी लेकीला!”

बाबा हसले नाहीत.

संध्याकाळी आईनं विचारलं, “बापलेकींनी अबोला धरलाय की काय?”

“तिला विचार,” बाबा म्हणाले. “पोती पेलतो तो सज्जा पोरींना का नाही पेलणार? पोरी काय पोत्यांहून जड?”

मी ओट्यावरचा स्प्रिंगचा वजनकाटा ओढला. त्यावर एक बटाटा अलगद ठेवला. काटा एका जागी थांबला. मग तोच बटाटा तबकडीला जेमतेम टेकवून धरला आणि एकदम हात काढला. काटा दुपटीपर्यंत धावला, थरथरत मागे आला.

“वरून टाकलास तू.”

“टेकलेलाच होता. तुम्ही करून बघा.”

त्यांनी केलं. पुन्हा केलं. चष्मा लावून परत केलं.

“अहो, भाजीचा आहे तो,” आई म्हणाली. “खेळणं नव्हे.”

बाबांनी बटाटा तिच्या हातात दिला. “उड्या मारत होत्या की गं पोरी. दर वर्षी. मी दारात उभा राहून कौतुकानं बघायचो.”

“लाकूड निवडून घातलं होतंत, बाबा. म्हणून निभावलं.” हे मी समजुतीसाठी म्हटलं नव्हतं. गणितही तेच सांगत होतं.

दाखला मी दिला नाही. सज्जा उतरवायच्या दिवशी मजुरांच्या आधी बाबाच पोचले, हत्यारांची पिशवी घेऊन. पहार कुणाला लावू दिली नाही. एकेक खुंटी हलक्या हातानं ठोकून सोडवली. जुन्या लाकडाचा तो गोडसर वास आजही कुठे आला, तर माझी पावलं थबकतात.

पहिली फळी त्यांनी रुमालानं पुसली आणि वरून माझ्याकडे सरकवली.

“दोन्ही हातांनी धर.”

“धरली, बाबा.”

मी पुरती पेलली होती. तरी ते बराच वेळ वरचं टोक सोडेनात.