छत्तिसाव्या लेव्हलचा धगडू

देवीदास मेश्राम पोलादाच्या प्लांटमधून सेफ्टी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाला आणि दुसऱ्याच महिन्यात त्याने हत्या करायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात सत्तावीस, दुसऱ्यात त्रेपन्न. बाबांचा वेळ जावा म्हणून समीक्षाने, त्याच्या मुलीने, फोनमध्ये ‘मॉन्स्टर मैदान’ टाकून दिलं होतं. वेळ चांगला जात होता.

खेळ समजायला सोपा. एक राक्षस पाळायचा, त्याच्याकडून दुसऱ्यांचे राक्षस मारवून घ्यायचे, आणि त्या पुण्याईवर तो मोठा होत जाणार. देवीदासचा चिंगू अंड्यातून निघाला तेव्हा मांजराएवढा होता. सोळाव्या लेव्हलला त्याचा धगडू झाला. धगडू म्हणजे मधली अवस्था: पिलाचं गोंडसपण गेलेलं, राक्षसाचा दरारा अजून यायचा, अंग सुटलेलं, शिंगांच्या जागी नुसती टेंगळं. दहावीत दोनदा नापास झालेल्या पोरासारखा तो विनाकारण कोणाच्याही अंगावर जायचा. छत्तिसाव्या लेव्हलला तो अग्निभंजक होणार होता. मग त्याच्या वाटेला जायची कोणाची छाती नव्हती.

हे रविवारच्या आत व्हायला हवं होतं, कारण रविवारी गाठ बाबारावशी होती.

स्मृति नगरच्या बागेत सकाळी जमणाऱ्या, देवीदास धरून सहा निवृत्तांनी या खेळाला पदरचा एक नियम जोडला होता. हरणाऱ्याने आपला राक्षस तिथंच, सगळ्यांदेखत, स्वतःच्या बोटाने ‘छोड़ दें’ दाबून सोडायचा. सोडलेला परत येत नाही. उभी हयात वितळलेल्या लोखंडाशेजारी काढलेल्या माणसांना, हरूनही काहीच होत नाही असला खेळ पोरकट वाटत होता. होळीपासून नऊ राक्षस गेले, त्यातले सात कोहक्याच्या बाबारावच्या कालदंताने खाल्ले. कालदंत तिसऱ्या अवस्थेतला. रानडुकराचं धड, मगरीचा जबडा, आणि स्वभाव बाबारावचा.

शनिवारी सकाळपासून देवीदासने धगडूला कामाला लावलं. धगडूने दलदलीतल्या बेडकाचा गळा फाडला. एका वटवाघळाचे पंख मुळापासून उपटले. दगडी कासवाला पाठीवर पाडून त्याने खडकावर इतकं आपटलं की कवच तडकून आतलं सगळं बाहेर आलं.

“आता कोणाले मारून राहिले जी?” त्याच्या बायकोने, ललिताने, मेथी निवडता निवडता विचारलं.

“कासव.”

“त्यानं काय केलं होतं?”

कासवाने काय केलं होतं हे देवीदासने खरंच आठवून पाहिलं.

चारच्या सुमारास दिवसाच्या दहा लढतींपैकी शेवटची जिंकली आणि छत्तिसावी लेव्हल लागली. स्क्रीन लाल झाला. धगडू थरथरू लागला, त्याच्या कातडीला भेगा पडून आतून उजेड फुटू लागला, आणि फोन भोंग्यासारखा ओरडला. खाली एक बटण आलं: ‘रोकें’. एकतीस वर्षं देवीदासने कामगारांना एकच गोष्ट घोकून घेतली होती. कंप, लाल दिवा आणि भोंगा एकत्र आले की डोकं चालवायचं नाही, आधी बंद करायचं. त्याने डोकं चालवलं नाही.

उजेड विझला. धगडू होता तसाच उभा राहिला, जरा ओशाळल्यासारखा.

“पापा, वो तो इवॉल्व हो रहा था,” समीक्षा म्हणाली.

“फाटून राहिला होता तो.”

“वैसे ही होता है.”

अग्निभंजक व्हायची पुढची संधी सदतिसाव्या लेव्हलला, असं तिने सांगितलं. आणि आजच्या लढती संपलेल्या, आता एका लेव्हलला दिवसाच्या दहाही लागायच्या.

रविवारी बाबारावने धगडूकडे पाहिलं आणि लेकरू आणलं का लढाले, असं विचारलं. बाकीचे हसले. दोघं बाकावर फोन घेऊन शेजारी बसले. कालदंताने पहिल्याच झडपेत धगडूचा डावा कान तोडून गिळला. धगडूने त्याचा एक डोळा फोडला. मग कालदंताने त्याला जबड्यात धरून धोबी आपटतो तसा तीनदा आपटला. धगडूचा एक हात लोंबू लागला. जीव दाखवणारी हिरवी पट्टी दोऱ्याएवढी उरली. आता डाव बाबारावचा, वेळ तीस सेकंद. तेवढ्यात चाल केली नाही तर हार.

बाबारावला घाई नव्हती. त्याने उजव्या हाताचं बोट हवेत धरलं. “पाह्य देवीदास. डोळे उघडे ठेव.”

देवीदासने ते बोट धरलं. बोट किती तऱ्हांनी मोडतं याची पोस्टरं त्यानेच प्लांटच्या शॉपमध्ये लावली होती. त्याने तिसरी तऱ्हा वापरली. वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला.

बाबारावने डाव्या हाताने थर्मास उचलून त्याच्या तोंडावर हाणला. चष्मा फुटला, बाक उलटला, दोघं फुलांच्या वाफ्यात पडले आणि तिथं एकमेकांना चावले. कोणीही सोडवायला गेलं नाही. लढत चालू होती, आणि बाकीच्यांचं लक्ष गवतात पडलेल्या फोनवरच्या सेकंदांकडे होतं.

“धगडू जिंकला,” टिकाराम म्हणाला.

टिकाराम सगळ्यांत मोठा, त्यामुळे निवाडा त्याच्याकडे गेला. त्याने बराच विचार केला. हरणाऱ्याने सोडायचं असा नियम होता. बोटाबद्दल नियमात काही नव्हतं.

बाबाराव उठून बसला. स्क्रीनवर एकडोळ्या कालदंत रक्ताळलेला जबडा चाटत हुकमाची वाट पाहत होता.

“दोन वर्सं पोसला याले,” बाबाराव म्हणाला, आणि डाव्या अंगठ्याने बटण दाबलं. कालदंत झाडीकडे चालू लागला. एकदा त्याने मागे वळून पाहिलं. खेळ बनवणाऱ्यांनी तशी सोय केलेली होती.

देवीदासने हिरडीतून सुटलेला दात थुंकला. धगडू एका कानाने, एका हाताने नवा गडी मागत आरोळ्या ठोकत होता. बाकीच्या चौघांनीही आपापले फोन खिशात घातले आणि घरची कामं आठवली.

बाबारावचं बोट तोवर वांग्यासारखं झालं होतं. देवीदासने दवाखान्यात न्यायला स्कूटर काढली आणि आपलं हेल्मेट बाबारावला दिलं. पट्टा त्याला एका हाताने लागेना, तो देवीदासने लावून दिला. लागेपर्यंत बाबाराव हनुवटी वर करून निमूट उभा राहिला. मग त्याने डाव्या हाताने देवीदासच्या कानशिलात एक सणसणीत ठेवून दिली आणि मागच्या सीटवर बसला.

“हळू चालवजो,” तो म्हणाला.